वीस पटीची दुर्बीण आणि कापलेला फोटो

रागाच्या भरात काही लिहू नये असं माझी बायको म्हणते. म्हणून महिनाभर थांबलो. राग उतरला नाही, उलट मुरला. तेव्हा आता लिहितोच.

गेल्या वर्षीचा माझा लेख वाचून ज्यांनी मळवलीची वाट धरली, त्यांनी हा लेख जरूर वाचावा. डोंगराच्या कड्यावर ससाण्याचं घरटं आहे, त्यात पिलं आहेत, एवढं सांगून मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नाही. स्टेशन कुठलं, फाटा कुठला, बंगल्याच्या फाटकाचा रंग कोणता, काळ्या कातळावर पांढरे ओघळ कुठे दिसतात, सगळं लिहिलं. वर शहाणपणाही शिकवला: ‘दुर्बीण घ्यायची तर वीस पटीची घ्या, पिलाच्या पायाची नखंसुद्धा दिसतात.’ लेख खूप फिरला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते.

या मार्चमध्ये हौसामावशींचा फोन आला. मावशी साठीच्या पुढच्या. मुंबईच्या मालकांचा एक बंगला सांभाळतात आणि शेजारच्या दोन खाचरांत भात करतात. त्यांनी ना खुशाली विचारली, ना आणखी काही.

“सर, तुमी काय लिवून ठिवलंय आमच्या डोंगराचं? रोज मान्सं येत्यात. समद्यांच्या गळ्यात लाल काचंच्या दुर्बिणी. या आन् बगा.”

मावशींचं हे बोलणं का लागलं, ते कळायला त्यांच्या गच्चीची गोष्ट माहीत हवी. घरटं त्या गच्चीवरून, घळीपलीकडे समोर दिसतं. माघ लागला आणि ससाण्याची मादी कपारीत बसायला लागली की मावशी घळीच्या बाजूला एक कपडा वाळत घालत नाहीत. बंगल्यावर येणाऱ्या पाहुण्यांना सांगतात, गच्चीची किल्ली हरवली. मालकांनाही तेच सांगितलंय. गेल्या वर्षी माझ्यासाठी त्यांनी ती हरवलेली किल्ली पिठाच्या डब्यामागून काढली होती.

शनिवारी सकाळी शिवाजीनगरहून लोकल पकडली. मळवलीला न उतरता आधी थेट लोणावळ्याला गेलो, कारण त्या लाल काचेच्या दुर्बिणी येतात कुठून हे मला बघायचं होतं. स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. पोहे चांगले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं.

शोधावं लागलं नाही. तिसऱ्याच दुकानात पुढे चिक्कीची पाकिटं आणि मागे टोप्या, गॉगल यांच्यामध्ये डझनभर दुर्बिणी लटकत होत्या. काचा लालभडक.

“ही बघा सर, वीस-पन्नास,” दुकानदार म्हणाला. “सध्या हीच चालते. ते नेटवर कुणीतरी पक्ष्याचं लिहिलंय ना, लोक येऊन तीच मागतात. आम्ही आधी आठ पटीची ठेवायचो, आता कोणी हात लावत नाही.”

“कोणी लिहिलंय?” मी विचारलं.

“कोण जाणे. कुणीतरी मास्तर आहे.”

दुर्बीण हातात घेऊन दुकानाबाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या हॉटेलची पाटी बघायला गेलो तर पाटी जागेवर थांबेना. अक्षरं वरखाली नाचत होती आणि सगळ्याला हिरवट झाक. डाव्या नळीतलं चित्र उजवीपेक्षा जरा वर. अशी दुर्बीण दहा मिनिटं लावली तर डोकं दुखतं आणि माणूस म्हणतो, माझेच डोळे गेले. दुसरी एक झूमवाली होती, खटका सरकवला की पट वाढते. वाढते खरी, पण चित्र इतकं काळवंडतं की भर सकाळी संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. दुर्बीण परत केली आणि रागानं एक चिक्कीही घेतली नाही.

जे मी गेल्या वर्षी सांगायला हवं होतं ते आता सांगतो. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला, वस्तू किती पट जवळ दिसते त्याचा. दुसरा, पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. माझी स्वतःची दुर्बीण आठ-बेचाळीस आहे. आठ पट जवळ, बेचाळीसचं भिंग. पट वाढली की हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं वाढते आणि दिसणारा तुकडा लहान होतो. त्या तुकड्यात पक्षी सापडतच नाही. दहा-पन्नास चांगली, पण जड, मान अवघडते. आठ-एकवीस खिशात मावते, उन्हात कामाची, तिन्हीसांजेला बिनकामाची. वाकड्या अंगाची जुनी दुर्बीण बेढब दिसते, पण तेवढ्याच पैशात सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा बहुतेक वेळा उजवी निघते. वीस पटीची मात्र फक्त स्टँडवर चालते. हातात धरून नाही म्हणजे नाही.

मळवली स्टेशन सांगतोय, कारण ते गेल्या वर्षीच सांगून बसलोय. स्टेशनवरून पुढे कुठे गेलो ते सांगणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका.

बंगल्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. एरवी मी फाटकात असतानाच चहाचं आधण ठेवणाऱ्या बाई, माझ्याकडे बघून नुसत्या उठल्या.

“च्या मागनं. आदी वर चला.”

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहून मी आधी नुसत्या डोळ्यांनी घरट्याखालचे विष्ठेचे पांढरे ओघळ शोधले. मग नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावली. हीच खरी रीत. दुर्बीण लावून आभाळभर शोधत बसलात तर काही हाती लागत नाही. कपार सापडली. कापसासारखी पांढरी दोन पिलं चोची उघड्या टाकून पडली होती. मादी तिथे नव्हती.

“दोनच?” मी विचारलं.

“तीन व्हती. परवापातूर तीन व्हती.”

मादी वर होती. घिरट्या घालत होती आणि कॅक-कॅक-कॅक असं सारखं ओरडत होती. कारण कपारीसमोर, घळीच्या अलीकडच्या कातळावर, पाच माणसं बसली होती. मधे स्पीकर. एकानं उठून हात लांब केला तशी ती सूर मारून खाली आली आणि पुन्हा वर गेली.

“सकाळी आटपासनं बसल्यात,” मावशी म्हणाल्या. “बारा वाजलं का ऊन कपारीत शिरतं. आमची ती बाई पंख पसरून पिलांवर सावली धरती. मान्सं असली का न्हाई उतरत. परवाचं असंच गेलं. मी वरडले, तर ही मान्सं मला म्हन्ली, मावशी, ही जागा तुमच्या नावावर हाय का?”

घड्याळात सव्वाअकरा. मी जिना उतरलो तो पळतच. खाचरांतले भाताचे सड बुटाला अडत होते आणि मी तोंडानं काय काय बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रानात स्पीकर लावणाऱ्यांचा मला पूर्वीपासून राग आहे. पक्षी बघायला यायचं आणि गाणी ऐकायची! घरी बसा ना, टीव्हीवर दोन्ही एकदम मिळतं.

कातळावर तळेगावची दोन जोडपी होती आणि त्यातल्या एकाचा भाऊ. शिकलेली, नोकरदार माणसं. मी पोचलो तोच ओरडलो, “आधी ते बंद करा! आणि उठा इथून! तिकडे पिलं मरतायत तुमच्यामुळे!”

स्पीकर बंद झाला. त्यातला चष्मेवाला उभा राहिला. “काका, ओरडू नका. आम्ही त्रास द्यायला नाही आलोय. तिथल्या रस्त्यावरून तासभर बघितलं. काही दिसलं नाही, नुसतं हलतं. म्हणून जवळ आलो.”

“जवळ यायला कोणी सांगितलं?”

“सांगितलं कोणी नाही. पण यात नखं दिसतात असं लिहिलंय. आम्हाला तर पक्षीसुद्धा दिसेना.” त्यानं मोबाईल पुढे केला.

माझा लेख. वर माझा फोटो: गच्चीवर मी, डोळ्यांना वीस पटीची दुर्बीण, चेहऱ्यावर मोठा आनंद.

ती दुर्बीण माझी नव्हती. गेल्या वर्षी माझ्याबरोबर आमच्या शाळेतले एक निवृत्त सहकारी आले होते, त्यांची होती. त्यांनी ती भक्कम तिपाई स्टँडवर बसवली होती आणि मला दोन मिनिटं बघू दिलं होतं. फोटोत स्टँडचे पाय पसरलेले होते, मधेच माझी पिशवी लोंबत होती, दिसायला गबाळं दिसत होतं. म्हणून मी फोटो छातीपासून कापला. आणि लिहितानाही स्टँड राहून गेला. आठवीच्या वर्गाला दर वर्षी भिंगं शिकवणारा माणूस मी. उत्तरपत्रिकेत कुणी एवढं सोडलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

चष्मेवाल्याची बायको माझ्याकडे आणि मोबाईलकडे आळीपाळीनं बघत होती. “अहो, हे तुम्हीच आहात ना?”

“हो,” मी म्हणालो. “मीच तो गाढव.”

कुणी हसलं नाही. चष्मेवाल्यानं गळ्यातली लाल काचेची दुर्बीण काढून हातात धरली. “मग हे असं का लिहिलंत?”

स्टँडचं सांगितलं. फोटो कापल्याचंही सांगितलं. माझ्यावर ओरडायचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते मुकाट्यानं सामान आवरू लागले. मला त्याचाही राग आला.

“चला माझ्याबरोबर,” मी म्हणालो. “लांबून दाखवतो.”

बोलून तर गेलो, पण किल्ली काही माझी नव्हती. मावशी जिन्याच्या दारात उभ्या होत्या. पाचही जणांना त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बोलायचं न्हाई. वाकून चालायचं. आन् त्यो डबा हितंच ठिवा,” त्या स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

टाकीआड सगळ्यांना बसवलं आणि माझी आठ-बेचाळीस एकेकाच्या हातात दिली. चष्मेवाल्याला म्हटलं, चष्मा काढू नका, डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली दुमडा. दोन नळ्या जवळ-लांब करा, दोन गोलांचा एक गोल दिसेपर्यंत. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं चित्र स्वच्छ करा. मग डावा मिटून उजव्या नळीची कडी फिरवा, उजव्याचं स्वच्छ होईपर्यंत. कडी एकदा जमली की तिला हात लावू नका, पुढे फक्त चाक. कोपरं कठड्यावर टेकवा. श्वास सोडा आणि मग बघा.

बाराला दहा मिनिटं कमी असताना कपारीच्या काठावर ऊन आलं. मादी अजून वरच. बारा वाजले. पिलं मागच्या दगडाला चिकटली. सव्वाबारा. चष्मेवाल्याच्या बायकोनं दुर्बीण मला परत दिली, म्हणाली, “मला नाही बघवत.” मावशी कठड्याशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

साडेबारा वाजून गेल्यावर ती उतरली. काठावर बसली, इकडे तिकडे पाहिलं, मग आत सरकली आणि पंख अर्धे उघडून उन्हाकडे पाठ करून उभी राहिली. पिलं सावलीत आली. नखं दिसली नाहीत. बाकी सगळं दिसलं.

“आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो,” चष्मेवाला हळूच म्हणाला. तो खरं बोलत होता. मग माझा एवढा मोठा राग मी ठेवायचा कुठे?

दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून बाभळीच्या फांद्या तोडून कातळाकडच्या पायवाटेवर काटेरी आडवण घातली. मी पाची बोटं ओरबाडून घेतली. तेवढ्यात आणखी सात-आठ जण आले, गळ्यात त्याच दुर्बिणी. तळेगावकरांनीच त्यांना माघारी फिरवलं. पाच वाजता मावशींनी चहा दिला, बिनदुधाचा. निघताना माझी दुर्बीण त्यांच्या ओट्यावर ठेवली. त्या नको म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन त्याच संध्याकाळी जुना लेख काढून टाकला. उपयोग काय? तोवर तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला होता, आणि माझा तो कापलेला फोटो अजूनही मलाच लोक पाठवतात: ‘सर, इथे जायचंय, रस्ता सांगा.’ सांगत नाही. तुम्हाला ससाणा बघायचा असेल तर आठ पटीची दुर्बीण घ्या आणि पुढे जावंसं वाटलं की दोन पावलं मागे या. लांब उभं राहता यावं म्हणूनच दुर्बीण असते. एवढं कळायला मला एक पिलू खर्ची घालावं लागलं.

परवा मावशींचा फोन आला.

“सर, येक उडालं. तुमच्या दुर्बिनीतनं बघितलं मी. चार येळा पडता पडता ऱ्हायलं, मंग गेलं घळीवरनं.”

“आणि दुसरं?”

“येकच म्हन्ले ना.”

मग धीर करून विचारलं, “मावशी, पुढच्या वर्षी येऊ ना बघायला?”

पलीकडे तांदूळ पाखडल्याचा आवाज सुरू झाला.

“या की,” त्या म्हणाल्या. “च्या घ्या, भाकरी खा. पर गच्चीची किल्ली हारवलीया, सर.”