मेटॉल आणि माझे हात

लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा फोटो म्हणजे खुर्चीवर ताठ बसून, श्वास रोखून काढायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. माहेर कोरीटचं. तिथे आम्ही घरात गुजरी बोलायचो, सासरी अहिराणी. नवऱ्याचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. नवरानवरी, शाळेचे ग्रुप, अर्जाला लावायचे फोटो, यावर घर चालायचं. पण बाजाराच्या दिवशी ते दुपारी स्टुडिओला कुलूप लावत आणि कॅमेरा छातीशी धरून रस्त्यावर जात. वरून वाकून बघायचा कॅमेरा होता तो. लोकांना वाटे, हा माणूस हातातलं काहीतरी बिघडलेलं यंत्र तपासतोय. त्यामुळे कुणी सावरून उभं राहत नसे आणि ह्यांना तेच हवं असे.

त्या फोटोंना गिऱ्हाईक नव्हतं. कोणी मागितले नाहीत, कोणी विकत घेतले नाहीत. तरी ते काढत राहिले, आणि त्यांचे रोल धुण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. स्टुडिओतली कामं ते स्वतः करत, पण एवढं झाल्यावर त्यांच्यात धीर उरत नसे. मला धीर होता, म्हणजे सगळे तसं म्हणायचे.

सरकीची पोती ठेवायची खोली आम्ही अंधारी करून घेतली. दाराच्या फटीत गोणपाट कोंबायचं. रोलच्या पट्टीची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि ताटातल्या डेव्हलपरमधून, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधातून, ती झुल्यासारखी वरखाली ओढत राहायची. त्या फिल्मला लाल दिवाही चालत नसे, म्हणून घड्याळ दिसायचा प्रश्नच नव्हता. सासूबाई दाराबाहेर गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बसत. मोठा काटा कुठे आला की हाक मारायची ते मी त्यांना दाखवून ठेवलेलं असे. काटा तिथे आला की त्या चुलीवरचं जेवण करपल्यासारख्या ओरडत, "व्हई ग्ये वं, काढ!"

आमच्याकडच्या उन्हाची अडचण मला तिथेच कळली. ह्यांच्याकडे मंद फिल्म असायची, भरपूर उजेड लागणारी. सुरतेहून गाडीने यायची, फोटोतला दाणा बारीक, स्टुडिओतल्या फोटोंना उत्तम. पण दुपारच्या बाजारात पांढरा फेटा बांधलेला माणूस उभा असला की फोटोत फेटा चुन्यासारखा झगझगे आणि खालचं तोंड कोळसा. डोळे कुठे, नाक कुठे, काही कळत नसे. सातपुड्यातून उतरून आलेली माणसं तर नुसत्या सावल्या होऊन जात. हे चिडत. "माणूस गायब अन् फेटा शिल्लक," म्हणत.

मग सुरतेच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं की डेव्हलपर बदला. पाकिटातला तयार वापरू नका, नुसता मेटॉल सल्फाइट घालून घरी कालवा. मऊ काम करतो, काळं-पांढरं एकदम तुटू देत नाही. मी कालवला. कोमट पाण्यात आधी मेटॉलची पांढरी पूड विरघळवायची, मग सल्फाइट. उन्हाळ्यात फिल्मवरचा थर दुधावरची साय सुटावी तसा सुटायला लागे, म्हणून पुढचं सगळं पाणी माठातलं घ्यायचं आणि काम उजाडायच्या आधी उरकायचं.

पहिला रोल वाळला आणि ह्यांनी त्यावरून कागदावर छाप काढले तेव्हा फेट्याखाली तोंडं होती. मिरच्या मोजून घेणारी म्हातारी, विडी पेटवायला वाकलेला गाडीवान, हसताना दात दिसणारी एक पोरगी. ह्यांनी एकेक छाप उजेडात नेऊन पाहिला. मग मला म्हणाले, "आते कसा मानसं दिखतंस दख." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

वर्ष दीड वर्ष असं चाललं. मग माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायला लागली. मला वाटलं धुण्याचा सोडा लागला असेल, नाहीतर मिरच्या. खोबरेल लावलं, हळद लावली. थोडं बरं वाटायचं आणि पुढच्या रोलनंतर पुन्हा पुरळ उठायचं. बोटांची कातडी जाड होऊन चिरली. भाकरी थापताना पिठावर रक्ताचा ठिपका येई, तो मी पीठ मळून घालवायची. ठेचा वाटायचा म्हटलं की अंगावर काटा यायचा. सासूबाई हळूच पाटा-वरवंटा आपल्याकडे ओढून घेत, विचारत काही नसत.

मी ह्यांना सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. दिवसभराचं काम संपेपर्यंत बोलायचं त्राणच राहत नसे, आणि ते नवीन छाप हातात घेऊन बसलेले असत.

होळीच्या आधी ते म्हसावदच्या बाजाराला जाऊन आले. डोंगरातली माणसं नटून येतात तो बाजार. येताना दमून, धुळीने भरून, पण खुशीत आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यातला एक रोल ताटात सोडला. पट्टी दोनचार वेळा वरखाली केली आणि उजव्या अंगठ्याची चीर उकलली. डेव्हलपर आत गेला तशी आग झाली आणि टोक हातातून सुटलं. अंधारात पट्टी ताटाबाहेर पडली. चाचपडून उचलली तेव्हाच बोटांना कळलं की तिला सरकीचा कोंडा आणि माती चिकटली आहे. तरी मी ती परत ताटात घातली. रडूही येईना, इतकी मी थकले होते.

सासूबाईंनी हाक मारली, मी फिल्म पक्की करायच्या हायपोत पट्टी थोडा वेळ ठेवून दार उघडलं. ह्यांनी पट्टी उजेडात धरली. ओरखडे, ठिपके, मधेच दोन तीन फोटो अर्धेमुर्धे. त्यांच्या कपाळाची शीर ताठली. आता बोलतील म्हणून मी खाली बघत होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तिना हात दख पह्यले."

"दखाड," हे म्हणाले.

मी हात पुढे केले. त्यांनी ते उजेडाकडे वळवले.

"कधयपासून शे हाई?"

"दिवाळीपासून."

"मंग माले काबर नही सांगं?"

मी हात पदराखाली घेतले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ती पट्टी गुंडाळून कोनाड्यात ठेवली आणि त्याच दिवशी मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "तुम्ही हात कशात घालता?" ह्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मेटॉल बंद करा. मलम देतो, पण ते बंद झाल्याशिवाय मलमाचा काही उपयोग नाही. आणि एकदा अंगाने धरलं की थोडंसुद्धा सोसणार नाही."

मग काही महिने त्यांनी स्वतः रोल धुतले. त्यांच्या हातांना मेटॉलने काही केलं नाही, हे मला थोडं लागलंच. पण त्यांना पट्टी सावकाश हलवता येत नसे. आज इथे डाग, उद्या तिथे पट्टा. स्टुडिओचं काम आधीच मागे पडलेलं. ते अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत तेव्हा घामाने निथळलेले आणि चिडलेले असत. एकदा ते तसेच ओट्यावर बसले होते, तेव्हा मी म्हटलं, "उनमा फोटो काढू नका."

"बजार उनमाच ऱ्हास," ते म्हणाले.

"मंग सकायले जा. नहीतर उन उतरनं की जा. उनच नही तं तोंड कसाले काळं व्हई?"

त्यांना राग आला. दुपारचा बाजारच त्यांना आवडायचा, गर्दी, भाव करणं, भांडणं. सकाळी काय मिळणार, म्हणाले. दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी सुरतेला पत्र टाकलं आणि जलद फिल्म मागवली, कमी उजेडात चालणारी. दुकानदाराने मेटॉल नसलेला डेव्हलपर सांगितला, नुसत्या हायड्रोक्विनोनचा. तो कडक होता, काळं-पांढरं तुटक करणारा. दाणा रव्यासारखा येई, आणि भर उन्हातल्या फोटोंना तो चाललाच नसता. पण जलद फिल्म मुळातच जरा मऊ आणि उजेड सकाळ-संध्याकाळचा, त्यामुळे तोंडं राहिली. पहिल्याइतकी नाही. फेट्याखाली माणूस आहे इतपत.

माझे हात भरून यायला पुढची दिवाळी उजाडली. मी पुन्हा रोल धुवायला लागले, आता चिमट्याने पट्टी धरून. चिमटा निसटेल की काय ही भीती गेली नाही.

ह्यांचे फोटो मात्र बदलले. आता त्यांत बाजार मांडणारी आणि आवरणारी माणसं येत. पथारी झटकणारे, उरलेली केळी टोपलीत रचणारे, डोक्याखाली गाठोडं घेऊन आडवे झालेले. एका संध्याकाळी ते विसरवाडीला ट्रकांचे फोटो काढायला गेले होते. तिथून त्यांनी एका बाईचा फोटो आणला. एसटीची वाट बघत झाडाखाली पाय लांब करून बसलेली, मोकळ्या टोपलीवर हात टाकलेला. काळंपांढरं फारसं नव्हतंच त्यात, सगळं करडं.

सासूबाईंनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हाई बाई थकेल शे," त्या म्हणाल्या.

हे म्हणाले, दुपारी गेलो असतो तर ती भाव करताना सापडली असती. तो फोटो मी माझ्या पेटीत ठेवला आणि भाकरीचं पीठ घ्यायला उठले.