डावऱ्या माणसाचा लॅपटॉप

आमच्या बुलढाण्याच्या ऑफिसात शकुंतलाताई जोशींचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. शेजारच्या टेबलावर बसून मी ते सव्वीस वर्षं वाचलं, म्हणून अधिकारानं सांगते. नवा साहेब आला की त्यांचं पहिलं टिपण परत यायचंच. ताई निमूट टाइपरायटर पुढे ओढायच्या.

खरी गोष्ट त्यांनी एकदा डबा खाताना सांगितली. त्या जन्माच्या डावऱ्या. वडील नांदुऱ्याचे भिक्षुक. सरस्वतीपूजनाच्या पाटीवर पोरीनं डाव्या हातानं श्री काढला आणि घरात हलकल्लोळ झाला. तेव्हापासून चारचौघांत उजवा हात. घरी मात्र दार लावून डाव्यानं लिहायच्या, तेही काय, तर वाणसामानाची यादी! ती यादी मी पाहिली आहे. हरभऱ्याची डाळसुद्धा देखणी दिसत होती. त्यांच्या वडिलांचा मला इतका राग आला की दोन दिवस उतरला नाही.

दोन हजार चार साली, हे गुपित ठाऊक असलेली त्यांची भाची मधुवंती पुण्याहून एक जुना लॅपटॉप घेऊन आली, तिच्या कंपनीनं मोडीत काढलेला. काळी फाइल उघडावी तसा तो उघडायचा. उजवीकडे कॉम्प्युटर, डावीकडे चक्क कागदाचं पॅड. त्याच्यासोबतच्या शाईच्या पेनानं पॅडवर लिहिलं की तीच अक्षरं शेजारी पडद्यावर उमटायची. कागद भलत्या बाजूला म्हणून कंपनीत तो कोणालाच जमला नव्हता.

"भलत्या नाही, आत्या, तुझ्या बाजूला आहे. डावऱ्यांसाठी मुद्दाम वेगळा काढलाय," मधुवंती म्हणाली.

ताई पॅडवरून हात फिरवत राहिल्या. "म्हणजे माह्यासारखे इतके लोक आहेत का वं, का त्याइच्यासाठी मशीन काढा लागलं?"

पुढच्या वैशाखात मधुवंतीचं लग्न ठरलं. मंगलाष्टकं आत्याची आणि आत्याच्याच अक्षरात, असा तिचा हट्ट. ताईंनी ती पॅडवर लिहिली, मधुवंतीनं कॉम्प्युटरमधून छापून काढली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नांदुऱ्याला मांडवात वाटली. ताईंनी मला आणि मशीनलाही हौसेनं सोबत आणलं होतं. ताईंचे थोरले भाऊ अनंतराव, म्हणजे वधूपिता आणि आता घरची भिक्षुकी चालवणारे, चष्मा पुसून पुसून वाचत होते.

"अक्षर कोणाचं हे? मोती पेरले हो!"

"आत्याचं," मधुवंती म्हणाली.

"काऊन थट्टा करून राह्यली? शकूचं अक्षर मले माहीत नाही काय?" त्यांनी मशीन बहिणीपुढे सरकवलं. "लिही बरं एक ओळ. साऱ्याइच्या समोर."

उजव्यानं लिहावं तर भाची खोटी पडणार. डाव्यानं लिहावं तर पंचेचाळीस वर्षं झाकलेलं उघडं पडणार. लिहा हो बाई, लिहा, असं मी मनात घोकत होते. ताईंनी पदर खोचला, पेन डाव्या हातात घेतलं आणि झरझर ओळ लिहिली. पडद्यावर ती जशीच्या तशी उमटली.

अनंतरावांनी ओळ वाचली आणि बहिणीच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"शकू, बाबा मारायचे तवा पट्टी मीच आणून द्यायचो ना वं?"

"हाव. अन् मोठी पाहून आणायचा."

सगळे हसले. अनंतराव हसले नाहीत. त्यांनी तो कागद पॅडवरून अलगद सोडवला, आत नेऊन गणपतीपुढे ठेवला आणि त्याच्यावर अक्षता वाहिल्या.