दानेश्वरीनं दिलेलं रक्त

वळसंगच्या दानेश्वरीनं माझ्या आठ महिन्यांच्या कामावर पाणी ओतलं. आजही तिचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं!

तिचे सासरे मडिवाळप्पा पंचेचाळिशीतच सगळं विसरायला लागले. त्यांच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असा आजार कळावा म्हणून पुण्याची एक प्रयोगशाळा रुग्णाच्या रक्तापासून मूळपेशी बनवते, त्यातून मेंदूच्या पेशी वाढवते आणि बिघाड कुठं होतो ते बघते. सोलापूर भागातून रक्त गोळा करायचं काम माझं. म्हाताऱ्यांचं मिळालं. ताडून बघायला त्यांच्याच रक्ताचं, पण धडधाकट माणूस हवं होतं. एकुलता एक मुलगा विरेश. त्यानं फोनवरच झटकलं, "माझ्यात काय हाय ते मला बघायचं न्हाय." अरे बाबा, तुला निकाल कोण सांगतंय? नुसतं रक्त दे की!

आठवड्यानं दानेश्वरी एकटीच एसटीनं सोलापूरला आली. पहाटे धार काढून, सासऱ्यांना भरवून. म्हणाली, "मी लेक हाय त्यांची." मीही लिहून घेतलं. गळ्यात मंगळसूत्र आणि तरी आडनाव मडिवाळप्पांचंच, हे मला दिसू नये? माझीच अक्कल गहाण पडली होती!

आठ महिने पुण्यात पेशी वाढवल्या. मग फोन आला, "ही बाई त्यांची कुणीच लागत नाही."

तणतणत वळसंग गाठलं. ती सासऱ्यांना आंघोळ घालत होती.

"खोटं का बोललीस गं?"

"कुणीच कसं न्हाय? बारा वर्सं मीच करती की यांचं," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "मालकांचं रक्त नको वाटलं, ताई. तपासलं न्हाय तवर ते बरे हायत."

मी कपाळावर हात मारला. एवढ्यात विरेश बाहेर आला. मी कोण, कशाला आले, सगळं सांगितलं. गडी हसत बाही वर सारून समोर बसला. "एवढंच व्हय? घ्या की. आधी कुणी इचारलंच न्हाय मला."

देव पावला म्हणत मी घाईनं सुई काढली, तर दानेश्वरीनं माझं मनगट घट्ट धरलं. 

"घेऊ नका, ताई. ते फोनवर नको म्हनले हुते. आता विसरलेत."