उसने कान
आमच्या अंबाटो शहरात जुन्या गाड्यांचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या, साफ करणारे पुष्कळ होते. पण इंजिनाचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखावं ते लेओनिदास चिकाइसा मास्तरांनीच, असं लोक म्हणत. माझी पावाची भट्टी त्यांच्या गॅरेजच्या शेडला लागूनच, त्यामुळे मला खरं ठाऊक होतं. मास्तरांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे.

तरुणपणी ते खाणीत दगड फोडायच्या यंत्रावर होते, कान तिथेच गेले. पुढे इंजेक्टरचं काम शिकले आणि ओठ वाचून, मान डोलावून वेळ मारून नेत राहिले. मग एकदा एका शाळामास्तरांची गाडी त्यांनी दुरुस्त करून दिली. पेट्रोलच्या नळीचा जोड नीट बसला नव्हता, बारीक फुसफुस होत होती. कान असलेल्या कुणालाही कळली असती. पुढच्या उतारावर गाडी पेटली. शाळामास्तर वाचले, पण त्यांचे दोन्ही तळहात भाजले. त्यांनी तक्रार केली नाही. चिकाइसा मास्तरांनी मात्र शेड उघडायचं सोडलं.

तीन आठवड्यांनी त्यांची बायको एर्मिनिया स्वतःच कुलूप काढून आत गेली. घरून तिने एक स्टूल आणलं होतं. नवऱ्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील अशी सावकाश म्हणाली, "तू हात चालव. ऐकायचं माझ्यावर सोड."

बारा वर्षं हे चाललं. गाडी आली की इंजिन चालू करायचं. एर्मिनिया लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवायची आणि मूठ कानाला लावायची. चालता इंजेक्टर टिकटिक करतो, तुंबलेला अडखळतो किंवा गप्प बसतो. ती बोटं दाखवायची, कधी वर शेराही मारायची. "तिसरा रुसलाय. तुझ्यासारखाच, कारण सांगत नाही." मास्तर हसायचे, इंजेक्टर काढून धुवायचे, बारीक जाळ्या आणि रबरी कड्या बदलायचे. मग काचेच्या नळ्यांत फवारा सोडून बघायचे. धुक्यासारखा पसरला तर ठीक. दोऱ्यासारखा पडला तर पुन्हा धुवायचा. हे डोळ्यांचं काम, ते त्यांचं होतं. गाडी परत जोडली की नळ्यांच्या जोडांशी कान नेऊन ती पुन्हा ऐकायची, आणि तिने मान हलवल्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नसे.

गेल्या वर्षी एर्मिनियाच्या अंगावर निळे डाग पडू लागले. रक्ताचा आजार निघाला. मास्तरांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, पेट्रोलच्या वाफेने असं होतं का? डॉक्टर म्हणाले, होऊ शकतं, पण हिचं त्यानेच झालं असं सांगता येणार नाही. चार महिन्यांत ती गेली.

महिनाभराने एक टॅक्सीवाला जुनी गाडी घेऊन आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. इंजेक्टरवर टेकवून कानाला लावला. काही नाही. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली.

मी पाव देऊन परतत होतो, दारातच थांबलो. मास्तरांचे डोळे विस्फारले होते. ते पहिल्यावर गेले, दुसऱ्यावर गेले, चौथ्यावर थबकले. पुन्हा पहिल्यापासून तपासत आले. टिकटिक त्यांच्या जबड्यात वाजत होती. चौथा मुका होता. काढून बघितला तर तोच तुंबलेला.

मला वाटलं, माणसाला जगायला काहीतरी सापडलं. टॅक्सी गेल्यावर मी तसं बोललो. मास्तर जमिनीवर बसले होते.

"बारा वर्षं, मानुएल," ते म्हणाले. "दात तेव्हाही होते. हे तेव्हा सुचलं असतं तर ती घरात बसली असती."

मी त्यांच्यासमोर बसलो, त्यांना माझे ओठ दिसावेत म्हणून. सांगितलं की एर्मिनिया एकदा पाव घ्यायला आली होती. बायका तिला चिडवत होत्या, काय गं, नवऱ्याने गॅरेजात जुंपलं? त्यावर ती म्हणाली होती, "घरी हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. इथे दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत असतो." हे मी खरंच ऐकलं होतं, त्यांच्या समाधानासाठी रचलेलं नव्हतं.

मास्तर माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. त्यांनी तोंड ओंजळीत झाकलं आणि मोठ्याने रडले. स्वतःचं रडणं किती मोठं आहे, हे त्यांना कळत नव्हतं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

त्यानंतर त्यांनी गाडी हातात घेतली नाही. इंजेक्टर धुवायचं यंत्र बाजूच्या गावातल्या एका मेकॅनिकला देऊन टाकलं. त्यांची मुलगी त्यांना न्यायला क्विटो शहरातून आली तेव्हा बॅगेत कपडे थोडेच होते. जाण्याआधी ते माझ्या भट्टीवर आले, दोन गरम पाव घेतले. मी पैसे नाकारले, तर रागावले. पाव कागदात गुंडाळून आधी एर्मिनियाच्या कबरीच्या रस्त्याला लागले. मुलगी बॅग घेऊन मागून चालत होती.