मशीनपुरती जागा

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत चतुराबाई पगारे यांची शेड होती. तिथे नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला बजावलं जाई, मागच्या कोपऱ्यात पाय टाकायचा नाही. का, ते कोणी सांगत नसे आणि विचारायची कोणाची छातीही होत नसे. बाकी सगळी जमीन तेलाने आणि बिडाच्या काळ्या भुशाने माखलेली, तेवढा चौकोन मात्र रोज झाडून-पुसून लख्ख. मधोमध सिमेंटातून वर आलेले चार जाड बोल्ट. त्यांच्यावर एके काळी लोखंड तासायचं मिलिंग मशीन उभं होतं. मशीन भंगारात गेलं, बोल्ट राहिले.

मशीन चतुराबाईंच्या नवऱ्याचं, निवृत्तीचं. सिन्नरकडच्या खेड्यातला हा गडी आयटीआय करून मोठ्या कंपनीत चिकटला आणि चौऱ्याहत्तर साली ती नोकरी सोडून मोकळा झाला. स्वतःची शेड टाकायची म्हणे. भावकीने वेड्यात काढलं, त्याने मनावर घेतलं नाही. माणूस हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच पटलेलं होतं. मशीनच्या टेबलापेक्षा मोठा जॉब, म्हणजे तासायचा तुकडा, आला की बाकीचे डोकं खाजवत बसायचे. निवृत्ती डाव्या हाताची वीत टाकून मापायचा आणि म्हणायचा, बसेल. पुढे काहीतरी खटपट करून तो बसवायचाही, म्हणून कोणी त्याला अडवत नसे.

एकोणऐंशी साली एका प्रेसचा बिडाचा लांबलचक बेस आला. निम्मा टेबलावर, निम्मा हवेत. शेडमधला सहादू मिस्त्री नको म्हणत होता. निवृत्तीने लोंबणाऱ्या टोकाखाली लाकडाचा ओंडका उभा केला. चतुराबाई डबा घेऊन दारात आल्या होत्या. एवढं मोठं राहील का त्याच्यावर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने हसून तोच शब्द ऐकवला, बसेल. त्या पाणी आणायला वळल्या. मिलिंगचं टेबल सरकत असतं आणि जमिनीवरचा ओंडका जागच्या जागी राहतो, ही एवढी साधी गोष्ट त्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही. आवाज ऐकून चतुराबाई मागे फिरल्या तेव्हा बेस खाली होता आणि निवृत्ती बेसच्या खाली.

शेड विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. चतुराबाईंनी ते मशीन तेवढं भंगारात दिलं, शेड विकली नाही. महिन्याभरात त्या निवृत्तीच्या लाकडी खुर्चीवर बसू लागल्या, नकाशे वाचायला शिकल्या, कंपन्यांच्या गेटवर ताटकळल्या. रोज सकाळी शेड त्याच उघडायच्या, कामगार यायच्या आधी. आणि तिथूनच ते सुरू झालं.

मेन स्विच वर करण्याआधी, सगळं बंद असताना, बोल्टांच्या जागेवरून हँडल फिरवल्याचा आवाज यायचा. कर्र. थोडं थांबून पुन्हा कर्र. निवृत्ती टेबल पुढे घ्यायचा तसाच, घाई न करता. पहिल्या दिवशी त्यांच्या हातातलं कुलूप गळून पडलं. काही सकाळी त्या आवाजामागोमाग काहीतरी जड खाली पडल्यासारखा धप्प आवाज यायचा. त्या दिवशी त्या कोणाला अवजड कामाला हात लावू द्यायच्या नाहीत आणि कारण विचारलं तर अंगावर धावून जायच्या.

सांगणार कोणाला? घर दीक्षा घेतलेलं. सासऱ्यांनी छप्पन साली गंडेदोरे, अंगारे सगळं उकिरड्यावर फेकलेलं. खुद्द निवृत्ती तर घोटीच्या रस्त्यावर भूत पाहिलेल्या लोकांची यथेच्छ टिंगल करायचा. तेव्हा चतुराबाईंनी त्याला भूत म्हटलंच नाही. मनाशी एवढंच म्हणायच्या, आले. हळूहळू भीती गेली असं नाही, पण भीतीची सवय झाली. त्या कोपऱ्याकडे तोंड करून आज कोणता जॉब लावायचाय, कोण रजेवर आहे, धाकट्या लेकीला ताप आहे, असं बोलू लागल्या. निवृत्ती जिवंत असताना त्याने इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

अशी वर्षं गेली आणि अठ्ठ्याऐंशी साली अंबडच्या एका कंपनीने लांब बेसप्लेटांचं काम देऊ केलं. अट एकच, काम संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मिलिंगवर झालं पाहिजे. पुण्याहून मशीनवाल्यांचा इंजिनियर आला, शरच्चंद्र नावाचा. गोड बोलून महाग वस्तू गळ्यात मारणाऱ्यांतला हा नव्हता. त्याने समजावून सांगितलं, की मशीनचं माप आपल्या हौसेवरून ठरवायचं नसतं, जॉबवरून ठरवायचं. जॉब आणि तो पकडायचे क्लॅम्प दोन्ही टेबलावर मावले पाहिजेत. शिवाय टेबल डावीउजवीकडे सरकतं, म्हणून मशीनच्या लांबीपेक्षा जास्त जागा लागते. मग त्याने खडूने लहान आणि मोठ्या मशीनची मापं टेबलासकट जमिनीवर काढली. लहान मशीन दाराजवळ आरामात मावत होतं. मोठ्याची रेघ सरळ त्या चार बोल्टांवरून गेली.

सहादूने पुढे होऊन पायाने ती रेघ पुसून टाकली.

लहानच घेऊ, असं चतुराबाई म्हणाल्या. मोठं वीज फार खाईल, पाया नव्याने घालावा लागेल, कामगारांना झेपणार नाही. कारणांना काय तोटा? खरं कारण त्यांनाच ठाऊक होतं. मोठं मशीन आलं तर तो कोपरा जाणार, आणि कोपऱ्याबरोबर कोण जाणार, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. शरच्चंद्र म्हणाला, या जॉबला लहान टेबल अपुरं पडेल, विचार करा. त्याला त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

पण पाहुणा जायच्या आत मल्हारी उठला. नवीन मशीनवर तोच उभा राहणार होता. दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. त्याने बेसप्लेटच्या मापाची लाकडी फळी आणली आणि लहान मशीनच्या खडूच्या टेबलावर आडवी धरली. दोन्ही टोकं बाहेर आली. सहादूने फळी तिरकी केली, एक टोक आत आलं, दुसरं लोंबतच राहिलं. मल्हारी त्या टोकाखाली हात धरून वाकला.

सहादू म्हणाला, “याच्या खाली कायतरी टेकू देऊ, वहिनी. बसेल.”

चतुराबाईंना तो शब्द सहादूच्या तोंडून ऐकू आलाच नाही. तो कोपऱ्यातून आला, हसत आला. वाकलेल्या मल्हारीची मान त्यांना दिसत होती. निवृत्तीही असाच वाकला असणार. त्यांनी कसाबसा प्रश्न केला, टेबल सरकल्यावर टेकू कुठं राहील? मल्हारीने फळी खाली ठेवली.

चतुराबाई उठल्या, चपला काढल्या आणि त्या लख्ख चौकोनात जाऊन बोल्टांच्या मधोमध उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत तिथे झाडण्यापलीकडे त्या कधी थांबल्या नव्हत्या.

“मोठं मशीन घ्यायचं,” त्या म्हणाल्या. “इथं बसवा.”

सहादू हळूच म्हणाला, “वहिनी, तिथं मालक हायेत.”

म्हणजे लवकर आलेल्या सकाळी त्यालाही ते ऐकू येत होतं. इतकी वर्षं दोघांनी एकाच शेडमध्ये ते एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं.

“मला ठाऊक हाय, भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यापायी मल्हारीला मरणाच्या दारात ढकलू का?”

बोल्ट हॅकसॉने कापावे लागले. पायासाठी जमीन फोडली तेव्हा चतुराबाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि राडारोड्याची शेवटची पाटी उचलेपर्यंत हलल्या नाहीत. मशीन आलं, पाइपांवरून ढकलत आत नेलं, शरच्चंद्रने लेव्हल लावून पाहिली. पहिली बेसप्लेट टेबलावर ठेवली तेव्हा चारही बाजूंना क्लॅम्पसाठी जागा उरली. मल्हारीने पेढे आणले. माप अगदी बरोबर निघालं होतं आणि सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार आले तेव्हा शेड उघडी होती, पण मेन स्विच खालीच होता. चतुराबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि हुंदके देऊन रडत होत्या. पदर तोंडात कोंबला होता, तरी आवाज बाहेर येत होता. त्यांना असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. सहादूला वाटलं, रात्रीतून घरात काहीतरी विपरीत घडलं. तो सायकल तशीच टाकून धावत आला आणि पुढ्यात उकिडवा बसला.

“वहिनी, कोण गेलं?”

चतुराबाईंनी पदर बाजूला केला.

“आमचे हे गेले, सहादू भाऊ.”

सहादू आत जाऊन थोडा वेळ मशीनपाशी कान देऊन उभा राहिला; कर्र आलंच नाही. मग बाहेर आला, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना सांगितलं, आज काम नाही, घरी जा. मल्हारीने काही न विचारता शटर खाली ओढलं. त्या दिवशी शेड बंद राहिली.