वाहत्या पाण्यातली हाक

एवढे खून नि दरोडे तपासले, पण आजही मनातून जात नाही ती लोखंडी फळ्यांची एक फुटकळ चोरी. तेव्हा मी वर्धा जिल्ह्यात आष्टीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळीनंतर एका गावचे आठ-दहा शेतकरी तक्रार घेऊन आले. पावसाळा संपला की नाल्यावरच्या बंधाऱ्याला फळ्या लावून पाणी अडवतात. त्यातल्या दोन काढून नेल्या होत्या. नव्या लावल्या, त्याही गेल्या. आता तिसरी खेप.

"पाणी सारं वाहून जाऊन राह्यलं साहेब," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "चन्याले काय पाजू?"

असं लोखंड भंगारात जातं, हे नवा शिपाईही सांगेल. मीही तेच धरून चाललो. हायवेवरच्या जाम गावापर्यंतचे भंगारवाले पालथे घातले, दोघांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. निघालं काहीच नाही.

मग आठवडी बाजारात बीट जमादाराला खबर लागली. मासे विकणारी एक बाई म्हणाली, "बंधाऱ्याखाली एक बुढा रोज सकाळी टोपलं घेऊन पाण्यात उभा राह्यते. पण मासा काई बजारात आणत नाई." ते मला खटकलं. मासे विकायचे नाहीत, तर थंडीत पाण्यात कशाला उभं राहायचं?

दुसऱ्या सकाळी आम्ही तिथे गेलो. साऱ्या फळ्या काठावरच्या पळसाखाली सापडल्या, एकावर एक नीट रचलेल्या, वर पानांनी झाकलेल्या. चोर माल इतका जपत नाही. पंचनामा चालू असतानाच म्हातारा समोरून आला नि म्हणाला, "म्याच काढल्या."

सत्तरीचा गोंड माणूस. का काढल्या, ते ठाण्यात दोन तास सांगेना. मी दरडावलं, चहा दिला, दोन्ही वाया गेलं. अशा गप्प बसण्यात बहुधा भीती असते. याच्यात ती नव्हती. शेवटी मी विचारलं, "बाबा, घरी कोण आहे? निरोप धाडतो."

"कोणीच नाई साहेब. तिलेच तं घरी आणून राह्यलो होतो."

त्याची बायको पोळ्याच्या सुमारास वर्ध्याला दवाखान्यात वारली होती. त्याच्या घराण्यात माणूस गेलं की घरचे नाल्यावर जातात नि नाव घेऊन हाक मारतात. हाकेला जो मासा येईल, त्यात तिचा जीव मानून त्याला घरी आणतात, देवांत बसवतात. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद कामाला पांगलेले. हाक मारायला हा एकटाच; पावसाळा सरेपर्यंत मारूनही मासा आला नव्हता. आणि बंधारा अडवल्यावर खालचा नाला कोरडा पडला होता.

"उभ्या पाण्यात येत नाई थे. वाह्यतं पाणी लागते."

"मग गावाले काऊन नाई सांगितलं?" जमादाराने विचारलं.

"काय सांगू? लोकाईच्या चन्याले पाणी पाह्यजे. त्याईचं बी खरं हाय."

"आली का?" मी विचारलं.

"नाई. तीन डाव पाणी सोडलं. आखरीले म्या तिच्यापाशी नव्हतो, वावर राखाले आलतो. रागावली असन."

शेतकऱ्यांनी तक्रार वाढवली नाही. मी म्हाताऱ्याला समज दिली नि फळ्या परत बसवायला लावल्या. "पावसाळ्यात त्या निघतीलच बाबा, तोवर थांबा," म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि रिकामं टोपलं घेऊन चालत गेला. कायदाही राहिला, म्हाताराही सुटला, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

चैत्रात तो वारला.

नोकरीत हजारोंना मी "थांबा" म्हणालो असेन. समोरच्याकडे वेळ किती उरलाय, हे आधी पाहावं, एवढं या केसने शिकवलं. एका सकाळपुरत्या फळ्या काढा म्हटलं असतं, तर शेतकऱ्यांनी ऐकलं असतं. मी विचारलंच नाही.

श्रावणात बंदोबस्ताला जाताना त्या नाल्याच्या पुलावर मी जीप थांबवली. फळ्या काढलेल्या होत्या, पाणी जोरात वाहत होतं. जबाबातली नवराबायकोची नावं मला पाठ होती. त्या दोघांना हाक मारणारं आता कोणीच नव्हतं. उतरून दोन हाका मारायला कितीसा वेळ लागला असता? पण अंगावर वर्दी होती, शेजारी ड्रायव्हर होता.

"काई पाहाचं हाय काय साहेब?" त्याने विचारलं.

मी "नाही" म्हणालो. त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.