शेवटच्या बसकरपट्टीवरची मुलगी

डी.एड.ला पहिला वर्ग मिळवून मी नाशिक रोडच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हा माझी समजूत होती की तिथली मुलं माझीच वाट बघत बसली आहेत. तिसरीचा वर्ग, पन्नासच्या वर मुलं, सगळी रुळांपलीकडच्या वस्तीतली. निम्म्यांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. मी उत्साहाने रंगीत तक्ते केले. मुलांना ते फार आवडले. वाचता फारसे कुणाला आले नाहीत.

एक मुलगी उंच होती, म्हणून मी तिला शेवटच्या बसकरपट्टीवर बसवलं होतं. कविता एकदा ऐकून पाठ, तोंडी हिशेब चटकन. पण फळ्यावरचं लिहून घ्यायला सांगितलं की पाटी कोरी. मी निदान केलं : आळस. तिच्या आईला कामावरून बोलावून घेतलं.

"घरी जरा वाचून घेत जा तिच्याकडून," मी म्हणाले.

"बाई, मला वाचता येत नाय. म्हनून तर तुमच्याकडं धाडली."

याचं उत्तर डी.एड.च्या वह्यांत नव्हतं. "बघू," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांचा कामाचा अर्धा दिवस बुडाला तो बुडालाच.

पुढे एकदा खडूची धूळ डोळ्यात गेली म्हणून चष्मा टेबलावर ठेवून मी नळावर गेले. परत येते तो वर्ग खदखदा हसतोय. ती मुलगी माझा चष्मा लावून, कमरेवर हात ठेवून माझी नक्कल करत होती. हुबेहूब. मी ओरडणार, तेवढ्यात तिची नजर फळ्याकडे गेली आणि ती नक्कल विसरली.

"बाई, अक्षरं येगळी येगळी हायेत!"

"मग? रोज काय दिसतं तुला?"

"पांढरं पांढरं. मला वाटलं, समद्यांना तसंच दिसतं."

मी स्वतः सातवीपासून चष्मा लावते. तरी मला कळायला पाच महिने लागले, तेही तिने चहाटळपणा केला म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या रांगेत आली. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला आणि तिच्या आईला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. वाटेत माफी मागायची ठरवली होती. प्रत्यक्षात मी हवापाण्यावर बोलत राहिले. चष्मा आला. वर्षअखेर ती बेताच्या गुणांनी पास झाली, अक्षर मात्र शेवटपर्यंत कोंबडीच्या पायासारखंच.

शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापकांनी माझ्या दक्षतेचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळ्यांना तो विनय वाटला.